तज्ज्ञांचे राज्य आणि रिकामे सभागृह



नोव्हेंबर २०११ मध्ये इटली कर्जाच्या गाळात रुतली. बर्लुस्कोनी पायउतार झाले आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक मारिओ मोंटी पंतप्रधान झाले. त्यांनी तोवर एकही निवडणूक लढविली नव्हती, त्यांच्या मंत्रिमंडळात एकही राजकारणी नव्हता. ‘राजकारण्यांना जमले नाही, आता जाणत्यांनी करावे’, हा विचार सुशिक्षित मध्यमवर्गाला नेहमीच भावतो; ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाला तर अंमळ अधिकच!

कल्याण-डोंबिवलीने निवडून न आलेल्यांचा कारभार दोनदा अनुभवला आहे. महानगरपालिका स्थापन झाली १९८३ मध्ये, पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. तब्बल एक तप प्रशासकाचे राज्य! पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद. मतदानाला १५ जानेवारी २०२६ हा दिवस उजाडला. ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचे बंधन कागदावरच राहिले.

पण मोंटींना संसदेचा विश्वास मिळवावा लागला होता. एका मोठ्या पक्षाने डिसेंबर २०१२ मध्ये पाठिंबा काढताच त्यांनी राजीनामा दिला. तेथे मंत्री बिनराजकारणी होते, संसद मात्र जागेवर होती. येथे सभागृहच रिकामे. आयुक्त प्रस्ताव मांडणार, स्थायी समिती म्हणून तेच मंजूर करणार आणि महासभा म्हणून शिक्कामोर्तबही तेच करणार. अधिकारी कितीही सचोटीचा असो, त्याला उभे राहून ‘का?’ असे विचारणारे कोणी नसते.

नगरसेवकांविषयीची चीड निष्कारण नाही. ‘टक्केवारी’ या शब्दाचा अर्थ ठाण्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. टी. चंद्रशेखर या आयुक्तांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रस्ते रुंद केले, ते ठाणेकर विसरलेले नाहीत. मात्र तेव्हा ठाण्यात निवडून आलेली महासभा होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते. कार्यक्षमतेला सभागृहाची अडचण होतेच असे नाही.

ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत. तसे बंधन त्यांच्यावर कोणत्याही कायद्याने घातलेले नव्हते. आज कल्याण-डोंबिवलीत १२२ नगरसेवक आहेत. त्यांतील काही तर बिनविरोध आले. पाच वर्षे वाट पाहिलेल्या तेथील मतदाराच्या वाट्याला त्या जागांसाठी मतदानही आले नाही. या मंडळींवर उत्तराची जबाबदारी अधिक. प्रशासकाच्या काळातील पाच अंदाजपत्रके सभागृहापुढे कधी आलीच नाहीत. ती आता मागवावीत, पानन्‌पान वाचावीत, आणि काय सापडले ते आपापल्या प्रभागात जाऊन सांगावे.