ताशाची चाल

टाटांनी १८८६ साली घेतलेली कुर्ल्याची स्वदेशी मिल आता बंद आहे. आम्ही ताशा ऐकला तो तिथल्या कामगारवस्तीत, गणपतीत आणि मोर्च्यांत. बँडच्या साइड ड्रमला खालून तारा असतात, त्या थरथरतात. ताशाला तारा नाहीत. कडकडाट सारा छडीचा. दोरी गळ्यात अशी घ्यावी की तोंड कमरेशी राहील, कोपरे मोकळी. वेताच्या छड्या मुठीत आवळल्या की तासाभरात मनगट गेलेच! सैल धरा, उसळू द्या. दमट हवेत कातडे उतरते, शेकावे लागते. प्लॅस्टिकच्या पानाला ती कटकट नाही, पण कान किटतात.

ताशा धावला की ढोल धावतो. एकदा आमचाच ताशा चढला आणि कडेवर पोरे घेतलेल्या बाया मागे राहिल्या. मोर्चा मधोमध तुटला. पुढच्या खेपेस आम्ही ताशेवाल्याला त्या बायांच्या रांगेत चालविले.