बेस म्हणजे धडधड नव्हे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणमालेतील एक भाषण. बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत. — संपादक मंडळ)



विषयाचं नाव वाचून दाखवलं तेव्हा मागच्या दोन रांगा हसल्या, ते मी पाहिलं. हिवरखेडचा भजनी माणूस, आयुष्य मृदंग वाजवण्यात गेलं, आणि हा अमेरिकेतल्या गाण्यांच्या बेसवर बोलणार! एक जण तर चहाच्या टपरीवर म्हणाला, "काका, काऊन बाप्पा? आपल्याकडचे अभंग सरले काय?" सरले नाहीत. अभंगाच्याच वाटेने मी तिकडे गेलो, ते सांगतो.

आधी एक गोष्ट मोकळी करून घेऊ. आपल्या सोसायटीत 'बेस' हा शब्द निघाला की भांडण आठवतं. मागच्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे सर्वसाधारण सभेपर्यंत पोहोचला होता. पोरं म्हणत होती, बेस नसला तर मजा नाही. बायांचं म्हणणं होतं की मांडणीवरचे डबे खाली येतात. नियम सोपा आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. पण मला त्या भांडणात वेगळंच खटकत होतं. दोन्ही पक्ष ज्याला बेस म्हणत होते, ती नुसती धडधड होती. तिला सूर नव्हता. खर्जातला आवाज भिंतीतून आरपार जातो, कोपऱ्यावरून वळतो, म्हणून मिरवणूक लांब असली की गाणं ऐकू यायच्या आधी छातीत ठोके ऐकू येतात. तो झाला खर्जाचा गुण. बेसची ओळ म्हणजे खर्जात चालणारी चाल. ती गाता येते. मी आज गाऊन दाखवणार आहे, आवाजाला हसू नका.

मृदंगाचं उदाहरण घेऊ. उजव्या बाजूला शाई, डाव्या बाजूला धूम. भजनाला बसायच्या आधी धुमेवर ओली कणीक थापतात. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ लागतो, जास्त झाली तर बसतो, आणि रात्र चढत गेली की ती वाळते, मग मधूनच पाण्याचं बोट फिरवावं लागतं. ऐकणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याचं लक्ष बुवांच्या तोंडाकडे. पण डावा हात थांबवून पाहा! बुवा तेच, टाळ तेच, अभंग तोच, आणि सगळं जमिनीवरून उचलल्यासारखं होतं.

हे मला पक्कं कळलं ते हात थांबल्यावर. मानेच्या मणक्याचा त्रास झाला आणि डाव्या हाताची तीन बोटं बधिर झाली. चार वर्षं झाली, मी धुमेला हात लावलेला नाही. मंडळात आता नवीन मुलगा बसतो, चांगला वाजवतो. मी टाळ घेऊन बाजूला असतो. वाजवता येत नाही म्हटल्यावर माणूस ऐकायला लागतो. मी डावी बाजूच ऐकत राहिलो, मग ज्या त्या गाण्यात तीच शोधायला लागलो.

लेक-जावई मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळ राहतात. जावई मोटारींच्या कामात आहेत. आम्ही उभयता तिकडे गेलो तेव्हा त्यांनी वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरचं एक घर दाखवायला नेलं. घर म्हणजे आपल्या ले-आउटमधल्या दुमजली घराएवढंच. बेरी गॉर्डी नावाच्या माणसाने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली आणि त्याच वर्षी हे घर घेतलं. त्याआधी तो मोटारीच्या कारखान्यात काम करत होता. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं गाव, मोटर टाउन, त्यावरून कंपनीचं नाव पडलं मोटाउन. मागच्या बाजूच्या खोलीत स्टुडिओ. छतावरून वायरी लोंबत, म्हणून वादक त्या खोलीला सापांचा खड्डा म्हणत. आता तिथे संग्रहालय आहे.

त्या खोलीतून निघालेल्या संगीताला सोल म्हणतात. काळ्या लोकांच्या चर्चमधली भजनं आणि ब्लूज नावाची दुःखाची गाणी, या दोहोंतून ते आलं. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, टाळ्यांचा ठेका धरायचा. आपण गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या खंजिरीवर वाढलेली माणसं, आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि ज्या वर्षांत ही गाणी निघाली, त्याच वर्षांत ही माणसं आपल्या हक्कासाठी रस्त्यावर होती. मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३ चं डेट्रॉईटचं भाषण मोटाउननेच रेकॉर्डवर आणलं. वामनदादा कर्डकांची गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना गाणं आणि चळवळ यांचं नातं ठाऊक आहे.

आता माझ्या आवडीची पहिली ओळ. 'माय गर्ल', टेम्प्टेशन्स नावाच्या मंडळीने गायलेलं, १९६४ चं. सुरुवातीला कोणीच नाही. फक्त बेस. षड्ज आणि पंचम, दोनच स्वर, मध्ये जागा सोडून. धूम... धु-धूम... धूम... धु-धूम. (हसा, हसा.) त्यावर मग गिटार चढते: सा रे ग प ध सां. ऐकल्याबरोबर मी जावयांना म्हटलं, अहो, हा तर भूपाचा आरोह! त्यांना भूप माहीत नव्हता, मला ते गाणं माहीत नव्हतं. गिटार वाजवणारा रॉबर्ट व्हाइट, त्यालाही भूप ठाऊक असण्याचं कारण नाही. पाच स्वर जगात सगळीकडे सापडतात, त्यात नवल नाही. नवल त्या खालच्या दोन स्वरांचं आहे. ते काढून टाका, भूप नुसता शिडीसारखा उभा राहतो. ते आले की शिडीला जमीन मिळते.

हे दोन स्वर वाजवणाऱ्याचं नाव जेम्स जेमर्सन. जन्म १९३६, दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायनाचा. १९५४ साली डेट्रॉईटला आला. आधी तो उभा, माणसाएवढा मोठा बेस वाजवायचा, मग बेस गिटार घेतली. ही गिटार १९५१ साली लिओ फेंडर यांनी बाजारात आणली. चार तारा, प्रत्येक तार पुढच्या तारेपासून सा ते म एवढ्या अंतरावर. बाकीचे दोन-तीन बोटांनी छेडत. जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने. त्या बोटाला लोक 'हुक' म्हणायचे. आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. तारांवरचा मळ हाच आवाजाचा मसाला, असं त्याचं म्हणणं. आमच्या धुमेवरच्या कणकेची आठवण झाली मला.

तोच माणूस पुढे काय करतो पाहा. १९६७ चं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' आणि १९६८ चं स्टीव्ही वंडरचं 'फॉर वन्स इन माय लाइफ' ऐका. इथे दोन स्वरांचा साधेपणा नाही. बेस सारखा हिंडतो, उड्या मारतो, एक आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणाला बुवा मान हलवतात आणि मृदंगी मोकळा सुटतो, तसा हा गडी पहिल्या चरणापासून सुटलेला आहे, आणि तरी गाणाऱ्याच्या एका शब्दावर पाय देत नाही. ही गोष्ट किती अवघड आहे ते ज्याने साथ केली त्यालाच कळते. साथीला बसून स्वतःचं वाजवायचं आणि पुढच्याला अडचण होऊ द्यायची नाही.

माझी सगळ्यात आवडती ओळ मात्र मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' मधली, १९७१ ची. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, गेचा भाऊ तिथून परतला होता, आणि त्याने हे गाणं केलं. सांगतात की त्या रात्री जेमर्सनला एका क्लबातून शोधून आणावं लागलं, आणि तो एवढा प्यायलेला होता की बसता येईना, म्हणून जमिनीवर आडवा पडून त्याने वाजवलं. पिण्याचं कौतुक मी करत नाही. त्याच पिण्याने पुढे त्याला नेलं. पण ओळ ऐका. कुठे ओढाताण नाही. नदी संथ असावी आणि तळाशी ओढ असावी, तसं काहीतरी.

या रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं छापली. मोटाउनमध्ये हे पहिल्यांदा झालं. त्याआधी बारा वर्षं हे लोक वाजवत होते, गाणी जगभर गेली होती, आणि वाजवतंय कोण हे कोणाला माहीत नव्हतं. आपल्या मुंबईत निराळं नव्हतं. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत, चरणजितसिंग वाजवत. गाणी तुम्हाला तोंडपाठ आहेत, ही नावं किती जणांनी ऐकली होती? हात वर करा. बरं, राहू द्या.

पुढे १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली. जेमर्सनही मागोमाग गेला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. आणि मग १९८३. मोटाउनने आपला रौप्यमहोत्सव केला. आपण करतोय तसाच, पण मोठ्ठा. २५ मार्चला पॅसाडेनाच्या नाट्यगृहात कार्यक्रम रेकॉर्ड झाला, मे महिन्यात टीव्हीवर दाखवला. मायकेल जॅक्सनचं ते मागे सरकणारं पाऊल टीव्हीवर पहिल्यांदा दिसलं ते याच कार्यक्रमात. सगळे जुने गायक मंचावर होते. जेम्स जेमर्सनला बोलावणं नव्हतं. त्याने काळ्या बाजारात तिकीट घेतलं आणि मागच्या खुर्च्यांत बसून तो रौप्यमहोत्सव पाहिला. मंचावर वाजत होती ती गाणी, ज्यांचा तळ त्याने घातला होता. त्याची ती जुनी गिटारही त्याच सुमारास चोरीला गेली. २ ऑगस्ट १९८३ ला तो वारला, वय ४७. त्याच्यावर पुस्तक आलं १९८९ साली, मोठा सन्मान मिळाला २००० साली, चित्रपट निघाला २००२ साली.

स्मरणिकेचं काम चालू आहे म्हणून इथेच एक बोलून घेतो. पहिल्या कार्यकारिणीचे फोटो येतील, यायलाच पाहिजेत. त्यांनी प्लॉट पाडले, रस्ते काढले. पण टाकीवर चढून व्हॉल्व्ह फिरवणारे, पहाटे साडेचारला मोटर लावणारे आपले काका — त्यांचं नाव मी छपाईच्या यादीत शोधलं, दिसलं नाही. निमंत्रणपत्रिकाही त्यांच्या घरी गेलेली नव्हती. संपादक मंडळाला काल चिठ्ठी दिली आहे. उत्तर आलं नाही, म्हणून आता माइकवरून सांगतो. (नाव आता आभाराच्या पानावर सर्वांत वर घेतले आहे. निमंत्रण अध्यक्षांनी स्वतः नेऊन दिले. — सं.)

वेळ होत आली, राहिलेलं भराभर सांगतो. बेन ई. किंगचं 'स्टँड बाय मी', १९६१. सा, मग खालचा ध, मग म, मग प, आणि परत सा. हीच एक ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत. तबल्याच्या एकलवादनाला पेटीवर लेहरा धरतात ना, अगदी तसं. नवीन शिकणाऱ्यांनी इथून सुरू करावं. मेम्फिस गावात स्टॅक्स नावाची दुसरी कंपनी होती. तिचा स्टुडिओ एका जुन्या टॉकीजमध्ये, जमीन उतरती ती तशीच राहिलेली. तिथला बेसवाला डोनाल्ड 'डक' डन. जेमर्सन हिंडतो, हा जागचा हलत नाही. 'डॉक ऑफ द बे' ऐका. ते गाणं ओटिस रेडिंगने गायलं आणि काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६७ ला, तो विमान अपघातात गेला. अरेथा फ्रँकलिनचं 'चेन ऑफ फूल्स' मला आवडतं, कारण ते पूर्ण गाणं एकाच जागी उभं आहे, एकतारीवर भजन असावं तसं. त्यात बेस टॉमी कॉगबिलचा. आणि पोरांनो, डीजेवाल्याला सांगायचंच असेल तर 'जवानी जानेमन' लावायला सांगा, १९८२ च्या 'नमक हलाल' मधलं. त्यातली बेसची ओळ गाता येते. आवाज अर्धा ठेवला तरी ती नाचवते. डब्यांचं भांडण तिथेच मिटलं असतं.

एक व्यवहाराची गोष्ट. हे मोबाईलवर ऐकू नका. बेस गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा हलते. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला ते झेपत नाही, तो ती ओळ गाळून टाकतो. आपली मुलं दिवसभर गाणी ऐकतात आणि अर्धं गाणं त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. साधा हेडफोन लावा, किंवा लाकडी खोक्याचा जुना स्पीकर माळ्यावर पडला असेल तर खाली काढा.

आत्ता इथे भजन मंडळाचे दोन मोठे स्पीकर जोडले आहेत. चार गाणी लावतो, क्रम फळ्यावर लिहिला आहे. पहिलं 'माय गर्ल'. लहान मुलांनी पुढे सतरंजीवर या, स्पीकरच्या लाकडाला हात लावून पाहिलं तरी चालेल. आणि काकांना सांगून पाण्याची मोटर पंधरा मिनिटं बंद ठेवली आहे, तिचा घुमारा नेमका जेमर्सनच्या पट्टीत येतो. कोणाच्या घरी बादली लावलेली असेल तर ती गाणी संपल्यावर भरेल.