'गंगेवर' म्हणजे नेमकं कुठे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू काय काम करतोस ते सगळ्यांना कळेल असं दहा मिनिटांत सांग." माझ्या घरच्यांना ते इतक्या वर्षांत कळलेलं नाही, पण प्रयत्न करतो.

आठवीत आपल्या वर्गात विदर्भातून एक मुलगा आला होता, आठवतं? पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याला म्हणालं, "शनिवारी शाळा सुटली की गंगेवर जाऊ." त्याने घरी जाऊन आईला सांगितलं, वर्गातली मुलं काशीला निघाली आहेत. आपण त्याला महिनाभर चिडवलं. चूक मात्र त्याची नव्हती. गोदावरीला गंगा म्हणायचं हे नाशिककराला शिकवावं लागत नाही. म्हणूनच ते बाहेरच्याला सांगायला हवं, हेही आपल्याला सुचत नाही.

हे सांगायचं काम मी पोटापाण्यासाठी करतो. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहितीपत्रकं लिहितो. त्यातही माझा विषय व्हर्जन कंट्रोल. नाव अवघड आहे, गोष्ट तुमच्या घरातली आहे. आपल्यातल्या कित्येकांची शेती आहे. जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ती तिथवर कशी आली ते कळतं फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की प्रत्येक बदलाला क्रमांक, तारीख आणि कारण. जुना फेरफार पुसून टाकत नाहीत, त्याच्या पुढे नवा येतो. प्रोग्रामच्या मजकुराची अशीच फेरफार नोंदवही ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्हर्जन कंट्रोल. त्यात नोंद करण्याला 'कमिट' म्हणतात.

मी हे काम शिकलो तेव्हा आमच्याकडे सबव्हर्जन होतं. त्यात नोंदवही एकच आणि ती चावडीवर, म्हणजे सर्व्हरवर. कमिट केलं की नोंद थेट चावडीत. पुढे आम्ही गिट घेतलं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते तयार केलं. त्याची रीत वेगळी. प्रत्येकाच्या घरी अख्ख्या नोंदवहीची प्रत असते आणि कमिट केलं की नोंद होते ती या घरच्या प्रतीत. चावडीकडे पाठवायला 'पुश' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. म्हणजे शब्द तोच, अर्थ बदललेला.

आमच्याकडे हा बदल झाला तेव्हा जुनी पत्रकं नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आज्ञा बदलल्या, पुशची माहिती पुढच्या एका प्रकरणात घातली आणि एक वाक्य जसंच्या तसं राहू दिलं: "दिवसाचं काम संपलं की कमिट करा, म्हणजे काम सुरक्षित राहील." सबव्हर्जनमध्ये ते खरं होतं. गिटमध्ये ते खोटं ठरलं.

नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी रोज संध्याकाळी न चुकता कमिट करत होती. अकराव्या दिवशी तिच्या लॅपटॉपची डिस्क गेली, आणि अकरा दिवसांचं काम तिच्याबरोबर गेलं. बैठकीत तिला विचारलं गेलं, "पुश केलं नाहीस? एवढं साधं माहीत नाही?" तिने माझं पान उघडून समोर धरलं. त्यावर एक जण हसून म्हणाला, "हे तर सगळ्यांनाच माहीत असतं." सगळे हसले. मी गप्प बसलो. मित्रांनो, ती काशीची गोष्ट मला त्या क्षणी आठवली, तरी मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तिच्या वरिष्ठांना लिहून कळवलं की चूक पत्रकाची आहे, आणि पत्रक माझं आहे. तिची माफीही मागितली. पण आदल्या दिवशी भर बैठकीत जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही, याची बोच अजून आहे.

तेव्हापासून मी शब्दांच्या मागे लागलो. गिटमध्ये असे शब्द पुष्कळ आहेत. नोंदीआधी बदल मांडून ठेवायची एक जागा असते. तिला कुठे 'इंडेक्स' म्हटलंय, कुठे 'कॅश', तर कुठे 'स्टेजिंग एरिया'. नवखा माणूस तीन जागा शोधत बसतो. 'चेकआउट'चं उलटं. त्या एका शब्दात दोन कामं होती: दुसऱ्या शाखेवर जाणं आणि फाइलमधले आपले बदल टाकून देणं. पहिलं निरुपद्रवी, दुसऱ्यात मेहनत जाते. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये गिटच्या २.२३ आवृत्तीत त्यासाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन वेगळ्या आज्ञा आल्या. 'रिव्हर्ट'चाही असाच घोळ. सबव्हर्जनमध्ये त्याचा अर्थ नोंद न झालेले बदल टाकून देणं, तर गिटमध्ये जुनी नोंद रद्द करणारी नवी नोंद करणं.

मराठीत लिहिताना मला विचारतात, कमिटला मराठी शब्द का देत नाही? देता येईल. दिनांक, महापौर असे शब्द देणारे सावरकर आपल्या शेजारच्या भगूरचे. पण माणसाला संगणकावर टाइप करायचं असतं कमिटच, म्हणून मी शब्द तोच ठेवतो आणि त्याचा अर्थ मराठीत, तिथल्या तिथे सांगतो. एका गोष्टीला एकच नाव, आणि ते नाव पहिल्यांदा येईल तिथेच त्याचा अर्थ, हा माझा नियम.

ते वाक्य आता असं आहे: "कमिट केल्यावर नोंद फक्त तुमच्या संगणकावर होते. ती सर्व्हरवर पाठवण्यासाठी पुश करा. पुश होण्याआधी संगणक बिघडला तर काम जाऊ शकतं." एका वाक्याची तीन झाली, पण तेव्हापासून त्या पानामुळे कोणाचं काम गेलेलं नाही.

आपल्या मराठीच्या बाई धडा संपल्यावर "समजलं का?" असं कधी विचारायच्या नाहीत. शेवटच्या बाकावरच्याला उभं करून म्हणायच्या, "तुझ्या शब्दांत सांग." तो शेवटच्या बाकावरचा बहुतेक वेळा मीच असायचो. आज मी नवीन पान लिहिलं की सगळ्यात नव्या माणसाला देतो, शेजारी बसतो आणि तोंड बंद ठेवतो. तो जिथे अडतो तिथे चूक माझी. बाई, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

जाता जाता संयोजकांना एक विनंती. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, "सायंकाळी ६ वाजता गंगेवर." आपल्याबरोबर बाहेरगावचे जावई, सुना, नातवंडं आहेत. त्याखाली एवढं लिहा: "रामकुंडाजवळ, दुतोंड्या मारुतीपाशी." आपला विदर्भातला मित्र आज समोरच बसला आहे. या वेळी तरी त्याला काशीला पाठवू नका.