औषध महाग आणि औषध खोटे



या व्यासपीठावरून विद्वान बोलतात. मी कारखान्याच्या फाटकावर बोलणारा माणूस. वैद्यकाची पदवी माझ्यापाशी नाही. या विषयाचे थोडे वाचन झाले ते एका प्रसंगामुळे. काही वर्षांपूर्वी द्वारसभा आटोपल्यावर एका कामगाराने मला बाजूला घेतले. त्याचे नाव वा कारखाना मी सांगणार नाही. तो म्हणाला, "दादा, एड्सच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचे थोतांड, माणूस रोगाने नव्हे, गोळ्यांनीच मरतो, असे म्हणतात. मी बंद करू का?"

मी सारा जन्म कंपन्यांशी भांडण्यात घालविला. खरे सांगतो, क्षणभर मलाही ते पटण्यासारखे वाटले. परंतु प्रश्न त्याच्या जिवाचा होता. "डॉक्टरांना विचारल्याखेरीज एकही गोळी चुकवू नकोस," एवढे सांगून मी घरी आलो आणि वाचू लागलो. तेव्हा कळले की, याच शंकेपायी एक अख्खा देश भरडला गेला होता.

तो देश दक्षिण आफ्रिका. 1999 साली थाबो म्बेकी तेथे अध्यक्ष झाले. वर्णद्वेषी राजवटीशी झगडलेला हा व्यासंगी पुढारी. त्यांना औषध कंपन्यांच्या नफेखोरीचा संशय यावा, यात नवल नव्हते. पण 2000 साली त्यांनी नेमलेल्या सल्लागार मंडळात, एच.आय.व्ही.मुळे एड्स होतच नाही, असे म्हणणाऱ्यांनाही स्थान मिळाले. त्याच वर्षी पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी डर्बन येथील जाहीरनाम्यात स्पष्ट सांगितले की, एड्सचे कारण हा विषाणूच होय. तरीही आरोग्यमंत्री लसूण, लिंबू आणि बीट यांचे गुण गात राहिल्या. हार्वर्डच्या संशोधकांनी 2008 साली हिशेब मांडला : औषधे वेळेवर न दिल्याने 2000 ते 2005 या काळात 3,30,000 हून अधिक माणसे हकनाक गेली.

मग या अंधारातून वाट कोणी काढली? 1998 साली तेथे 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' ही संघटना निघाली. स्वस्त औषधांना वाट देणाऱ्या कायद्याविरुद्ध 39 औषध कंपन्या कोर्टात गेल्या, तेव्हा ही माणसे सरकारच्या बाजूने उभी राहिली. 2001 साली कंपन्यांना दावा मागे घ्यावा लागला. पुढे सरकारच गर्भवतींना औषध नाकारू लागले, तेव्हा याच माणसांनी सरकारला कोर्टात खेचले आणि 2002 साली घटना न्यायालयाकडून औषध देण्याचा हुकूम मिळविला. 'कोसाटू' हा कामगार महासंघ सत्ताधारी पक्षाचा मित्र. पण या प्रश्नावर तो रुग्णांच्या बाजूने उभा राहिला.

श्रोतेहो, त्यांनी दोन गोष्टींची गल्लत होऊ दिली नाही. औषध महाग आहे, हे खरे. म्हणून औषध खोटे आहे, हे मात्र खोटे. महागाईवरचा उतारा लसूण नव्हे, स्वस्त औषध होय. वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक पडणारा उपचार 2001 साली आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने 350 डॉलरांत देऊ केला.

आता रोगाविषयी. हा विषाणू 1983 साली सापडला. तो रक्तातील संरक्षक पेशींवर घाला घालतो. उपचार न झाल्यास क्षयासारखे रोग शरीरात घर करतात. गोळ्या त्याला समूळ उपटत नाहीत, पण दाबून ठेवतात. त्या नियमित घेतल्या की तो इतका घटतो की चाचणीत सापडत नाही, आणि त्या अवस्थेत शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या सोडल्या की पुन्हा डोके वर काढतो. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांच्या सुईतून आणि आईकडून बाळाला. एका पेल्याने पाणी प्याल्याने नाही, हात मिळविल्याने नाही, डासानेही नाही. कारण हिवतापाचे जंतू डासात वाढतात, तसा हा वाढत नाही.

आपल्याकडे 2004 पासून सरकारी केंद्रांत या गोळ्या मोफत मिळतात. 2017 चा कायदा 2018 साली अमलात आला. केवळ लागण आहे म्हणून कोणाला कामावरून काढता येत नाही, नोकरीसाठी चाचणीची सक्ती करता येत नाही. कोणी तसे केले, तर युनियनकडे या.

तो कामगार आज ठणठणीत आहे, पाळी चुकवीत नाही. पण आपला आजार तो शेजारच्या मशीनवरल्या मित्रालाही सांगू शकत नाही. कारण पेल्याची ती भाकडकथा अजून जिवंत आहे. गोळीने आपले काम चोख केले. त्याच्या शेजारी बसून डबा खाणाऱ्या आपणा सर्वांचे काम मात्र अजून व्हायचे आहे.