पगारपत्रकातील वजाती
(केंद्रशाळेत भरलेल्या शिक्षण परिषदेपुढील भाषण)



शेकडेवारीची उदाहरणे वर्गातील मुलांकडून बिनचूक सोडवून घेणारा शिक्षक स्वतःच्या पगारपत्रकापुढे मात्र बहुधा मौन धरतो. बँकेत किती रक्कम जमा झाली एवढे पाहिले जाते. ती तितकीच का झाली, हे पाहिले जात नाही. ‘कार्यालयाने कापले म्हणजे नियमानेच कापले असणार’ हा विश्वास सौजन्याचा खरा, तथापि हिशेबाच्या कामी तो अपुरा पडतो.

पगारपत्रकातील सर्व वजाती एका जातीच्या नव्हेत. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी ही शिक्षकाचीच शिल्लक होय. गटविम्याची वर्गणी हे संरक्षणाचे मोल होय. पतसंस्थेचा हप्ता हे त्याने स्वतः पत्करलेले ऋण होय. कर म्हणावेत अशा वजाती दोनच, व्यवसाय कर आणि प्राप्तिकर. पहिल्या तिन्हींचा हिशेब शिक्षक कधी ना कधी विचारतो. या दोहोंचा सहसा कोणी विचारीत नाही.

व्यवसाय कर लहान आहे, परंतु त्याची कथा मोठी आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी शेतमजूर खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर आले. मागेल त्यास काम देण्याची जी योजना वि. स. पागे यांनी पुढे मांडली होती, तिला कायम उत्पन्न हवे होते. त्यासाठी नोकरदार व व्यावसायिक यांजवर १९७५ च्या अधिनियमान्वये हा कर बसविण्यात आला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला. करातून येईल तितकीच रक्कम राज्य शासनाने आपल्या पदरची घालावी, अशी त्यात योजना होती. गावाजवळच्या एखाद्या जुन्या पाझर तलावाच्या मातीत त्या काळच्या गुरुजींच्या पगारातील चार पैसे असणे अगदी संभवनीय आहे.

या कराला राज्यघटनेने मर्यादा घातली आहे. अनुच्छेद २७६ अन्वये ती आरंभी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. मासिक वेतन १०,००० रुपयांहून अधिक असल्यास महाराष्ट्रात दरमहा २०० रुपये कापतात, आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीतील हे शंभर रुपये कोठून आले, असा प्रश्न नवे शिक्षक दर वर्षी करतात. अकरा महिन्यांचे २,२०० आणि एका महिन्याचे ३०० मिळून बरोबर २,५०० होतात, इतकेच त्याचे रहस्य.

आता खरी काळजीची बाब. १ एप्रिल २०२३ पासून ज्या महिलेचे मासिक वेतन २५,००० रुपयांपर्यंत आहे, तिला हा कर लागू नाही. पूर्वी ही मर्यादा १०,००० होती. प्राथमिक शिक्षणसेवकांचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून ६,००० वरून १६,००० रुपये झाले. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. समजा, एक शिक्षणसेविका त्या वेळी सेवेत होती. डिसेंबरपर्यंत तिला कर नव्हता. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत तो लागला. एप्रिलपासून तो पुन्हा सुटला. देयकात एकदा शिरलेली वजाती मात्र कोणी हात लावीपर्यंत पुढील देयकांत तशीच चालत राहू शकते. तसे झाले तर वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे सेवेच्या तीन वर्षांत ७,५०० रुपये गेले; जवळजवळ अर्ध्या महिन्याचे मानधन! तिच्या शेजारच्या वर्गावरील शिक्षणसेवकास मात्र तितक्याच मानधनावर कर द्यावाच लागतो, म्हणून दोघांच्या पावत्या सारख्या दिसल्या की चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे नियमित वेतनश्रेणी मिळाल्यावर मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होते, तेव्हा तिलाही कर लागू होतो. अधिनियमात सांगितलेले दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यास प्रमाणपत्र सादर केल्यावर ही माफी आहे.

प्राप्तिकराचे प्रकरण मोठ्या रकमेचे आहे. वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर कर काढून तो महिन्यामहिन्याने विभागून कापावा, हे १९६१ च्या अधिनियमाचे तत्त्व २०२५ च्या नव्या अधिनियमातही कायम राहिले. व्यवहारात अनेकदा काही महिने कोरे जातात आणि सगळा बोजा फेब्रुवारीवर येऊन पडतो. त्या महिन्यात घरी किराणा उधार आणणारे शिक्षक सर्वांच्या पाहण्यात असतील.

यातही नव्या आणि जुन्या करपद्धतीची निवड सवयीने केली जाते. वार्षिक वेतन ११,५०,००० असलेल्या शिक्षकाचे उदाहरण घेऊ. २०२५-२६ च्या दरांप्रमाणे नव्या पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १०,७५,००० उरतात. त्यावर कर ४७,५०० येतो खरा. परंतु करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने तो पूर्णपणे माफ होतो. तोच शिक्षक जुन्या पद्धतीत राहिला तर ५०,००० ची प्रमाणित वजावट, व्यवसाय कराचे २,५०० आणि विमा-निधी इत्यादींची कमाल १,५०,००० वजा जाऊन ९,४७,५०० उरतात. त्यावर १,०२,००० कर व चार टक्के उपकर ४,०८० मिळून १,०६,०८० रुपये द्यावे लागतात. घरकर्जाचे मोठे व्याज असेल तर आकडे बदलतील. पण मांडून पाहिल्यावाचून ते कळावयाचे कसे? नव्या पद्धतीत विम्याच्या हप्त्याची सवलत नाही. केवळ कर वाचावा म्हणून मार्चच्या तोंडावर नवी पॉलिसी उतरविणाऱ्याने एवढे जाणून घ्यावे. ठेवींवरील व्याज उत्पन्नात धरावे लागते, हेही विसरू नये.

२०२३-२४ पासून नवी पद्धत ही मूळची धरली जाते. जुनी हवी असल्यास तसे कळवावे लागते. कार्यालयाकडे चुकीची निवड गेली, तरी पगारदारास विवरणपत्र मुदतीत भरताना ती बदलता येते आणि जादा कापलेली रक्कम परत मागता येते. विवरणपत्र भरलेच नाही, तर ही वाट बंद होते.

व्यवसाय कराच्या चुकीसाठी मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. त्यास ज्या महिन्यांची वजाती चुकली त्या प्रत्येक महिन्याची वेतनपावती व नियुक्ती आदेशाची प्रत जोडावी, महिनावार रकमेचा तक्ता स्वतः करून द्यावा आणि आवक क्रमांक घातलेली अर्जाची प्रत आपल्याजवळ ठेवावी. तक्ता जोडलेला असेल तर लिपिकाचेही काम हलके होते.