काठावरची माणसं



गोव्यात आज शूटिंगचं फारसं अप्रूप कुणाला राहिलेलं नाही. रस्त्यात कॅमेरा दिसला तर माणसं गाडी वळवतात आणि दुसऱ्या वाटेनं कामाला जातात. पण १९८० साली पडद्यावर आलेल्या ‘द सी वूल्व्ह्ज’ या इंग्रजी चित्रपटाचं चित्रीकरण इथं झालं, तेव्हा गोष्ट वेगळी होती. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन आणि रॉजर मूर! मी शाळकरी पोर. आम्हाला एवढंच कळलं, की जेम्स बाँड गोव्यात आलाय. शाळा बुडवून दोन तास उन्हात उभे राहिलो. दिसलं काय? आडवी दोरी, जाडजाड केबली आणि छत्रीखाली बसून वाट पाहणारी माणसं. शूटिंग म्हणजे मुख्यतः वाट पाहणं, हे तेव्हा समजलं.

या चित्रपटाची गोष्ट मात्र गोव्याचीच होती. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ. त्यामुळं ‘एहरेनफेल्स’ आणि आणखी दोन जर्मन व एक इटालियन अशी चार व्यापारी जहाजं मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबलेली. ‘एहरेनफेल्स’वरून जर्मन पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा ब्रिटिशांचा संशय. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येईना. म्हणून ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतले पोक्त वयाचे गृहस्थ पुढं केले. गाळ वाहणारी ‘फीबी’ नावाची बार्ज कलकत्त्याहून निघाली. बरेचसे गडी आगगाडीनं कोचीनला जाऊन तिच्यात चढले. ९ मार्च १९४३च्या रात्री त्यांनी ‘एहरेनफेल्स’ गाठलं. जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनी ते स्वतःच बुडवलं. उरलेली तीनही तशीच गेली. ही हकीकत पस्तीस वर्षं गुप्त राहिली. जेम्स लीझर यांच्या १९७८च्या पुस्तकानं ती जगापुढं आली आणि त्यावर हा चित्रपट निघाला.

गुप्त म्हणजे लंडनला गुप्त! माझे वडील तेव्हा वास्कोत विशीतले तरुण. त्या रात्री घराबाहेर येऊन त्यांनी बंदरातला जाळ पाहिला होता. लहानपणी जेवताना ते सांगायचे आणि आम्ही ‘हं’ म्हणून भात कालवायचो.

चित्रपट लागला तेव्हा त्यांना हौसेनं घेऊन गेलो. इंग्रजी संवाद त्यांना फारसे कळले नसावेत. बाहेर आल्यावर चहा घेताना म्हणाले, “जहाजं जळाली, ते खरं. पण काठावर आम्ही होतो ना रे? ते कुठं दिसलं?”

मला हसू आलं होतं. आज येत नाही. परक्यांनी त्यांच्या माणसांची गोष्ट सांगितली, यात त्यांचा दोष नाही. काठावरच्यांची गोष्ट सांगायचं काम आमचं होतं. आमच्या घरी टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही सिनेमाची गाणी भरली. वडिलांचा आवाज भरला नाही. आता ते नाहीत.

२००४पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही गोव्यातच भरतो. कॅमेरे येतील, जातील. तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असेल, तर आज जेवण झाल्यावर जरा त्यांच्याजवळ बसा. विचारा, तुम्ही काय पाहिलंत? आणि या खेपेला नुसतं ‘हं’ म्हणू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)