नकाशाचे थर जुळत का नाहीत?

वडोदरा शहराच्या मधून विश्वामित्री नदी वळणे घेत जाते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तिला आलेल्या पुराने शहराचा मोठा भाग जलमय झाला. अशा आपत्तीनंतर कोणाचे घर पाण्यात होते व कोणाचे कोरडे राहिले हे ठरविण्याची वेळ येते आणि आज हे काम पुष्कळदा संगणकावरील नकाशावर होते. एक थर उपग्रहाच्या चित्रावरून काढलेल्या पूररेषेचा, दुसरा रस्त्यांचा, तिसरा घरांचा अथवा शेतांचा. काचेचे ताव एकावर एक ठेवावे तसे हे थर ठेवावयाचे असतात. त्यांतील एक जरी शंभर मीटर सरकला, तरी भिजलेली गल्ली कोरडी दिसते व कोरडी भिजलेली. चूक पडद्यावर होते. तिचा भोग मात्र यादीतून नाव सुटलेल्या कुटुंबाच्या वाट्यास येतो.

थर जुळत नाहीत असे दिसताच त्यांतील एक उचलून दुसऱ्यावर सरकविण्याचा मोह अनेकांना होतो. कचेरीतील काम त्यामुळे त्या दिवसापुरते उरकते, पण दोष तसाच राहतो व पुढच्या नकाशात पुन्हा डोके वर काढतो. प्रथम पाहावयाचे ते एवढेच की, थर किती दूर गेला आहे. अंतर मोजले की दोषाचे नाव बहुधा आपोआप कळते.

थर हजारो किलोमीटर दूर गेला असेल तर प्रकरण सोपे असते. वडोदरा सुमारे २२.३ अंश उत्तर अक्षांशावर व ७३.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. लिहिणाऱ्याने हे दोन आकडे उलटसुलट भरले, तर वडोदरा नॉर्वेच्याही उत्तरेकडील थंड समुद्रात जाऊन पडते. मीटरांतील आकडे आणि अंशांतील आकडे यांची गल्लत झाली, म्हणजे थर कधी आफ्रिकेच्या पश्चिमेस, जेथे विषुववृत्त व शून्य रेखांश मिळतात तेथे, एका ठिपक्याएवढा होऊन बसतो. शोधणाऱ्यास वाटते की थर उघडलाच नाही.

थर सहाशे किलोमीटर सरकला असेल, तर संशय पट्ट्याचा घ्यावा. मीटरांत मोजण्यासाठी पृथ्वीचे सहा सहा अंशांचे साठ उभे पट्टे कल्पिलेले आहेत. ७२ ते ७८ अंशांमधील पट्टा त्रेचाळिसावा. त्यात वडोदऱ्याचा पूर्वेकडील आकडा सुमारे ३ लाख १५ हजार मीटर व उत्तरेकडील सुमारे २४ लाख ६७ हजार मीटर येतो. हेच आकडे बेचाळिसाव्या पट्ट्याचे म्हणून वाचले, तर शहर द्वारकेच्याही पश्चिमेस अरबी समुद्रात दिसते. गुजरातेत ही चूक होण्यास मोठा वाव आहे, कारण ७२ अंशांची रेषा त्या राज्यातूनच जाते. जुन्या बडोदा संस्थानाचे उदाहरण मोठे बोलके आहे. त्या संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, नवसारी आणि मेहसाणा हे भाग त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येतात, तर अमरेली व ओखामंडळ बेचाळिसाव्यात. सयाजीराव महाराजांच्या राज्याचा एकत्रित नकाशा आज कोणी करू लागला, तर त्यास या रेषेचा विचार करावाच लागेल. महाराष्ट्रातही असेच आहे. ७८ अंशांच्या रेषेमुळे अमरावती त्रेचाळिसाव्या पट्ट्यात राहते आणि वर्धा, नागपूर चव्वेचाळिसाव्यात जातात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण शिकलेले लोकही तेथे फसतात. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत दोन निरनिराळ्या आज्ञा असतात. एक आज्ञा थराची संदर्भप्रणाली कोणती हे केवळ जाहीर करते. दुसरी आकड्यांचे खरोखर रूपांतर करून नवा थर तयार करते. दुधाच्या भांड्यावरील ‘शेर’ ही चिठ्ठी काढून ‘लिटर’ अशी चिठ्ठी डकविली, म्हणून आतील दूध वाढत अथवा घटत नाही. ज्या थराची प्रणाली ठाऊक आहे पण नोंदलेली नाही, त्यास फक्त चिठ्ठी हवी असते. ज्याची चिठ्ठी बरोबर आहे पण माप दुसरे हवे आहे, त्याचे रूपांतर करावे लागते. पहिल्याच्या जागी दुसरे अथवा दुसऱ्याच्या जागी पहिले केले, की थर भरकटतो. आकारांच्या फाइलीबरोबर ‘पीआरजे’ नावाची एक छोटी फाइल येते, तिच्यात ही चिठ्ठी असते. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत नकाशा पाठविताना ती मागे राहते आणि मग घेणाऱ्यास तर्क लढवावा लागतो.

शंभर मीटरांच्या आसपासचा फरक मात्र इतिहासातून आलेला आहे. १८०२ साली मद्रासेजवळून विल्यम लॅम्बटन यांनी त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. काम उत्तरेकडे नेत असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे माप ठरविले, ते भारतीय नकाशांचा दीर्घकाळ आधार राहिले. मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे त्या मोजणीचे मूळस्थान. उपग्रहांवर आधारलेली डब्ल्यूजीएस ८४ ही प्रणाली पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्टच्या मापापेक्षा साडेआठशे मीटरांच्या आसपास अधिक धरते, आणि तिचे केंद्रही निराळे आहे. परिणामी वडोदऱ्याच्या परिसरात एकाच खांबाचे दोन प्रणालींतील स्थान शंभर मीटरांच्या घरात वेगळे येते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच असतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसाधारण वापराचे स्थलदर्शक नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर येऊ लागले. परंतु त्यापूर्वीचे कागद कचेऱ्यांच्या कपाटांत अजून भरपूर आहेत. अशा कागदाच्या समासातील मजकूर वाचल्यावाचून तो संगणकात घेऊ नये.

गावनकाशाची गोष्ट याहून अवघड, कारण त्यावर अक्षांश-रेखांशच नसतात. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीत तेहतीस फुटांच्या साखळीने जमीन मोजली गेली. साखळीच्या लांबीइतका चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गाव स्वतःपुरते नीट मोजलेले असे, परंतु पृथ्वीवर ते नेमके कोठे आहे हे सांगण्याची त्या मोजणीस गरज नव्हती. असा नकाशा संगणकात बसवावयाचा तर कागदावरील काही बिंदू व जमिनीवरील तेच बिंदू यांची जोडी जमवावी लागते. तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड, जुनी बांधीव विहीर, रेल्वेचा पूल, देवळाचा चौथरा हे बिंदू चांगले. नदीचे वळण, गाडीवाट व बांध हे वाईट, कारण ते हलतात. वडोदऱ्याच्या जुन्या शहरासाठी मांडवीची इमारत व चार दरवाजे सोयीचे आहेत खरे, पण सगळे बिंदू मध्यभागी घेतले तर कडेच्या वस्त्या बिघडतात. बिंदू चारही कोपऱ्यांकडे पसरलेले असावेत.

गणितास तीन बिंदू पुरतात. तथापि तिन्हींपैकी एक चुकला तर तो चुकला हे कळण्याचे साधन उरत नाही. म्हणून आठदहा घ्यावेत आणि दोनतीन मुद्दाम बाजूस ठेवून त्यांवर शेवटी पडताळा पाहावा. काही हौशी मंडळी पुष्कळ बिंदू घेऊन नकाशा रबरासारखा ताणतात. उरलेल्या चुकीचा आकडा मग शून्याजवळ येतो, साहेबांना तो दाखविताही येतो, पण सरळ धुरे वाकलेले असतात. एक इंचास ६६० फूट या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघच जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. त्यात घड्या, दमटपणा व वारंवार केलेल्या नकला यांनी कागद आखडलेला असतो. अशा कागदाकडून हातभर अचूकतेची अपेक्षा करणे हाच अन्याय होय.

थर तंतोतंत जुळूनही क्षेत्रफळ चुकते, याची कल्पना फार थोड्यांना असते. आंतरजालावरील बहुतेक तयार नकाशे मर्केटरच्या पद्धतीने सपाट केलेले असतात आणि त्या पद्धतीत विषुववृत्तापासून दूर जावे तशी जमीन फुगते. वडोदऱ्याच्या अक्षांशावर ही फुगवट सुमारे सतरा टक्के येते. शंभर आर शेत तेथे एकशे सतरा आर दिसते. संपादनाच्या अथवा पीकविम्याच्या कागदात असा आकडा गेला, तर सातबाऱ्याशी तो कधीच जुळणार नाही आणि खातेदारावरच संशय घेतला जाईल. क्षेत्र काढण्यापूर्वी थर त्रेचाळिसाव्या पट्ट्यात रूपांतरित करावा.

कधी आकडे सर्व निर्दोष असतात व चित्रच कललेले असते. उपग्रहाने तिरप्या नजरेने टिपलेले चित्र सपाट शेतांत ठीक बसते. वडोदऱ्यापासून पूर्वेकडे गेल्यावर सुमारे आठशे मीटर उंचीचा पावागड लागतो, तेथे माथ्यावरच्या वास्तू चित्रात बाजूस ढळलेल्या दिसतात. उंचीची दुरुस्ती केलेले चित्र मिळविणे हाच त्यावर उपाय.

अखेरचा पडताळा जागेवर जाऊन घ्यावा. नकाशातील एखादी विहीर निवडून तिच्या काठावर भ्रमणध्वनी घेऊन उभे राहावे व त्यावरील अक्षांश-रेखांश ताडून पाहावेत. साधा भ्रमणध्वनी उघड्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंत बरोबर सांगतो, तेव्हा शंभर मीटरांचा दोष त्यावर लगेच उघडा पडतो. दोन शेजाऱ्यांमधील हातभर बांधाचा वाद त्यावर सुटणार नाही. त्यासाठी अर्ज करून भूमापकाकडून रीतसर मोजणीच करून घ्यावी लागते.